बांधातली तार

मळ्यातल्या आमच्या जुन्या घराची आठवण आली की मला ते आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. विहिरीवरच्या इंजिनाची धडधड, ओसरीवर करंड्या आपटून फुलांची माती झाडल्याचा आवाज, आणि स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली भाकरी फिरत असल्याचा तो सपसप असा ओला ताल. नाशिक तेव्हा आमच्यापासून लांब होतं. संध्याकाळी रस्त्याच्या टोकाला दिवे लागायचे, तेवढंच शहर. आमच्याकडे शेवंती, झेंडू आणि थोडा गुलाब. घरातल्या सगळ्यांच्या बोटांना बारा महिने देठांचा हिरवा डाग असायचा. आई तोच हात भाकरीला लावायची, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की बाजरीलाच शेवंतीचा वास असतो. अजूनही कुठे शेवंतीचा ढीग दिसला की मला भूक लागते. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, कारण सांगण्यासारखी ती नाहीच.

सांगण्यासारखी गोष्ट दुसरी आहे, आणि ती पोटात ठेवून मी म्हातारा झालो. हौसाकाकू, माझी धाकटी चुलती, तारचोर नव्हती. आमच्या भाऊबंदांत आज जे चाळिशी-पन्नाशीचे आहेत, त्यांनी हे नाव आपापल्या आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. काकू ऐंशीच्या पुढे गेली आहे. तिच्या डोळ्यांदेखत हे नाव पुसलं जावं, एवढ्यासाठीच हे प्रकरण लिहीत आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि काका यांची वाटणी झाली ती विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. मळ्याच्या मधोमध बांध पडला, बांधावर घायपात लावलं गेलं, आणि आप्पांनी घरात सांगितलं, "त्या बांधापलीकडं आपलं कोणी नाय." काकांनीही पलीकडे असंच काही सांगितलं असणार. भावांनी बोलणं सोडलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. पण आई आणि हौसाकाकू या दोन जावा एका चुलीवर आठ वर्षं राहिल्या होत्या. काकू सायखेड्याची, लग्न होऊन आली तेव्हा लहानच होती. तिच्या नदीकाठच्या बोलीत बोलता बोलता आईनेच तिला आमच्याकडची भाजी करायला शिकवली होती. वाटणी झाली आणि एका दिवसात आईला हाक मारायला घरात बाईमाणूस उरलं नाही.

फोन आमच्या वाट्याला आला होता. मुंबईच्या फुलबाजारातले शेटजी माल कधी पाठवायचा ते त्यावर कळवायचे. काळा, जड, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, त्यावर आईने विणलेला रुमाल. मी तेव्हा आयटीआयत वायरमनचं शिकत होतो आणि स्वतःला फार समजत होतो. एका दुपारी आई देठ खुडता खुडता म्हणाली, "दिगू, तुला तारांचं कळतं ना? हौसाचा आवाज इकडं आणता येईल का?"

एवढंच. काकूने काही मागितलं नव्हतं, तिला हे ठाऊकही नव्हतं. मी भंगारवाल्याकडून एक जुनं यंत्र आणलं. त्याची डायल निखळलेली होती, तिच्या जागी नुसतं भोक. ओसरीवर वळचणीखाली आमच्या फोनची लाकडी पेटी होती. बाहेरून आलेल्या दोन तारा तिथे स्क्रूखाली बसायच्या. त्याच स्क्रूंखाली मी आणखी दोन तारांची टोकं घातली, वायर भिंतीवरून खाली आणली, घायपाताच्या मुळांतून बांधाच्या पलीकडे नेली आणि काकूच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून आत घेतली. आप्पा बाजारात होते, काका पाणी धरायला गेले होते. काकू पदर तोंडावर धरून हसत होती. "अरे, हे बोलंल का? याला तर तोंडच नाय."

ते बोललं. युक्ती सोपी होती. एकाच तारेवरची दोन यंत्रं, दोन्हींचे कर्णे उचलले की एकाचा आवाज दुसऱ्यात जाणारच. मध्ये एक्स्चेंजचा गुणगुणता सूर यायचा, तो थांबवायला आई आपल्या डायलवर एक आकडा फिरवायची. सूर बंद व्हायचा आणि पलीकडून काकू म्हणायची, "बाई?" आई म्हणायची, "हं." पुढे पुढे तेही राहिलं नाही. ठरलेल्या वेळेला, दुपारची जेवणं उरकली की, दोघी कर्णा उचलून फळीवर आडवा ठेवून द्यायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. बोलायच्या फार थोडं. इकडे आई लसूण सोलतेय, तिकडे काकू जात्यावर. फळीवरच्या त्या काळ्या कर्ण्यातून काकूच्या बांगड्या किणकिणायच्या, मांजर ओरडायचं, वाटीतून वाटीत काहीतरी ओतलं जायचं. मध्येच आई न बघता म्हणायची, "दूध उतू जाईल गं," आणि तिकडे धावपळ ऐकू यायची. मी कधी दुपारी घरी असलो तर ओसरीवर आडवा पडून ते ऐकत राहायचो. झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी दोन स्वयंपाकघरं एक व्हायची आणि बांध विरघळून जायचा. इतक्या निवांत दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

पुढे मी टेलिफोन खात्यात लागलो, तारांमध्येच केस पांढरे केले, आणि निवृत्तीच्या आधीची काही वर्षं ब्रॉडबँडवर काढली. लोक विचारायचे, "साहेब, फोनच्या त्याच जुन्या तारेतून नेट कसं येतं? नवी तार नाही का टाकावी लागत?" मी त्यांना मळ्याच्या भाषेत सांगायचो. तार म्हणजे पाट समजा. माणसाचं बोलणं त्या पाटाच्या अगदी तळाशी वाहतं, त्याला तेवढीच जागा पुरते. वरचा सगळा पाट वर्षानुवर्षं कोरडाच होता. ब्रॉडबँड म्हणजे ती वरची जागा वापरणं. कानाला ऐकू न येणाऱ्या उंच उंच सुरांचे शेकडो वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाफ्यात थोडी थोडी माहिती सोडायची. मोडेम सुरू केला की त्याचा दिवा आधी लुकलुकत राहतो. तेव्हा तो एक्स्चेंजमधल्या यंत्राशी एकेक वाफा तपासत असतो. हा सूर पोचतो का, हा स्वच्छ आहे का. स्वच्छ असेल त्यावर जास्त भार, खरखरीवर कमी, आणि जो पोचतच नाही तो सोडून द्यायचा. घरात एक छोटी डबी बसवतात, ती तळाचा आवाज फोनकडे वळवते आणि वरचे सूर मोडेमकडे. म्हणून फोनवर बोलता बोलता नेटही चालतं आणि कोणी कोणाच्या आड येत नाही. आणि नेट कायम चालू राहतं, नंबर फिरवावा लागत नाही. हे वाक्य मी किती घरांच्या ओसरीवर उभं राहून सांगितलं असेल. प्रत्येक वेळी मनात यायचं, कायम चालू ठेवलेली तार मी फार आधी पाहिली आहे. फक्त तेव्हा बोलणारे एकमेकांच्या आड येत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते आड आले.

झेंडू बहुतेक पहाटेच तोडून झाला होता. ओसरीवर, अंगणात, बैलगाडीत, सगळीकडे केशरी ढीग, त्यावर ओली पोती. शेटजींचा ट्रंक कॉल दुपारी यायचा होता, त्यांचा ट्रक आमच्या फाट्यावर कधी थांबेल ते कळवायला. आप्पा माणसं घेऊन मळ्याच्या खालच्या अंगाला राहिलेला माल तोडत होते. फोनकडे लक्ष ठेवायला मला घरी ठेवलं होतं. आईला कॉलचं सांगायला आप्पा विसरले, आणि मीही सांगितलं नाही. मी आत आलो तेव्हा कर्णा फळीवर आडवा होता. आई तोरणं ओवत होती, काकूही पलीकडे तोरणं ओवत होती. सुई देठातून जाताना होतो तो बारीक आवाज तारेतून येत होता. काकू सासरी आल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याबद्दल काहीतरी सांगत होती, मध्येच थांबत होती, आई नुसती "हं" म्हणत होती. कर्णा जागेवर ठेवायला हवा हे मला कळत होतं. आता ठेवतो, या तोरणानंतर ठेवतो, असं म्हणत मी खांबाला टेकलो आणि ऐकत बसलो. झेंडूच्या ढिगातून ऊब येत होती. डोळे कधी मिटले कळलं नाही.

दिवस कलल्यावर बाजारातला एक माणूस सायकलवरून निरोप घेऊन आला. "आप्पा, शेट दुपारपास्नं ट्रंक लावतोय, सारखा एंगेज. शेवटी ट्रक दुसरीकडून भरून गेला." आप्पा अंगणात उभे होते, हातात पोत्याचं एक टोक. त्यांनी ते हळूच ढिगावर परत ठेवलं. आत आले. कर्णा तोवर आईने जागेवर ठेवला होता, पण फोनवरचा रुमाल खाली पडलेला होता.

"फोनवर कोण होतं?"

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, फक्त ताल चुकला. आप्पांनी पुन्हा विचारलं. त्या घरात आप्पांचा राग म्हणजे काय ते मला माहीत होतं, आणि आईला माझ्याहून जास्त. मी म्हणालो, "आपल्या तारेवरनं एक तार काकूकडं गेलीय."

"कोणी टाकली?"

"मला काय माहीत."

आईला वाचवायला बोललो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात मी फक्त मला वाचवत होतो.

आप्पा बांधावर गेले. वर्षभरात भावाशी बोललेला त्यांचा पहिला शब्द होता "तारचोर". काका बाहेर आले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. गडीमाणसं गोळा झाली. काकू दारात आली, पदराला फुलांच्या पाकळ्या चिकटलेल्या. तिने आप्पांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. आमच्या मागे आई उभी होती, तिच्याकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग काकू म्हणाली, "टाकली व्हती. काढून घ्या."

तिच्या यंत्राला डायलच नाही, त्यावरून कोणाला फोन लावणार, हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही. ज्याच्या ध्यानात होतं तो गप्प होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मीच पक्कड घेऊन तार तोडायला गेलो. काकूने यंत्र एका खणात गुंडाळून ठेवलं होतं. खिडकीशी तार तोडली, यंत्र काखेत घेतलं. ती म्हणाली, "सांभाळून ने रे. जड हाय ते." त्या वर्षी आपट्याची पानं बांध ओलांडून गेली नाहीत. झेंडूचा ढीग अंगणात तापत राहिला, त्याचा आंबूस वास दिवाळीपर्यंत भिंतींना होता.

मी फक्त पलीकडचं टोक तोडलं होतं. घायपातातली तार तशीच राहिली, आमच्या पेटीतल्या स्क्रूंखाली बसलेली, दुसरं टोक उघडं. बोलण्याला त्याचा काही त्रास नव्हता. बोलण्याच्या लाटा इतक्या लांब की एवढ्याशा फाट्याची त्या दखलही घेत नाहीत. वर्षं गेली, आप्पा गेले, काका गेले, मळ्यात बंगले उठले. आमच्या घरची लाइन मीच बघायचो, त्यामुळे दुसरा कोणी त्या पेटीपर्यंत पोचला नाही. मग ब्रॉडबँड आलं. माझी मुलगी घरून कारखान्यांचे नकाशे काढून पाठवायची, तिच्यासाठी मी जोडणी घेतली. ते धड चालेना. एक्स्चेंज काही फार लांब नव्हतं. लांब असतं तर समजू शकलो असतो. वरात लांब गेली की सनई आधी विरते, ढोल ऐकू येत राहतो. उंच सूर तांब्यात असेच आधी थकतात. पण आमच्याकडे अगदी उंच सूरही येत होते आणि मधलेच काही गायब होते. मी टेस्ट सेट लावला. हे यंत्र तारेत एक ठोका सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी किती अंतरावरून आला ते पडद्यावर दाखवतं. पडद्यावरची रेघ सरळ जात जात एका ठिकाणी वाकली. मी अंतर पाहिलं, आणि खिडकीतून काकूच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं.

बंद टोकाच्या फाट्यात पाणी शिरलं की ते टोकाला धडकून उलटं फिरतं आणि मुख्य पाटाच्या पाण्याला ढवळून काढतं. तांब्यात तसंच होतं. नेटचे उंच सूर एक्स्चेंजकडून यायचे, अर्धे घरात शिरायचे, अर्धे त्या जुन्या तारेतून काकूच्या खिडकीपर्यंत जायचे, तिथे कोणी नाही म्हणून परत यायचे, आणि उशिरा आल्यामुळे आपल्याच भावंडांना पुसून टाकायचे. एवढ्या वर्षांनंतरही माझ्या घरातून रोज काहीतरी तिच्या दाराशी जाऊन परत येत होतं.

उपाय फक्त दोन स्क्रूंचा होता. मी स्टूल घेतलं, वळचणीखाली चढलो, पेटी उघडली. खाली खुर्चीत आई बसलेली होती. तोवर तिला दिसायचं कमी झालं होतं, पण पेटीच्या झाकणाची करकर तिने ओळखली.

"दिगू, ती राहू दे," ती म्हणाली.

त्या दिवसानंतर त्या तारेबद्दल ती बोललेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट. मी झाकण लावलं आणि खाली उतरलो. पुढे आई असेपर्यंत, आणि ती गेल्यावरही, आमचं नेट रखडतच चाललं. मुलगी चिडायची, "बाबा, सगळ्या नाशिकचं नेट नीट करता आणि आपलं?" ऑफिसात हसायचे, टेलिफोनवाल्याच्याच घरी रेंज नाही. मी म्हणायचो, जुनी लाइन आहे, चालायचंच.

आता आमच्या भागातलं तांबं बंद झालं. काचेची केसाएवढी तार आली, तिच्यात प्रकाश जातो, तिला असले फाटे चालत नाहीत. फोन कानाला लावला तर तो गुणगुणता सूर नाही. दसऱ्याच्या सकाळी मी पुन्हा स्टुलावर चढलो. पेटीतल्या एक्स्चेंजकडच्या दोन तारा सोडवून बाजूला केल्या. काकूकडची तार ठेवली. बांधावर जाऊन ती जिथे कुजली होती तिथे नवा तुकडा जोडला. तारेत आता एक्स्चेंजची वीज नव्हती म्हणून घरात आमच्या काळ्या फोनला एक छोटी बॅटरी लावली, बायकोला, कुसुमला, कर्णा उचलून ओट्यावर ठेवायला सांगितलं, आणि खणात गुंडाळलेलं ते बिनडायलचं यंत्र आणि आपट्याची पानं घेऊन बांध ओलांडला.

काकू पलंगावर बसून मेथी निवडत होती. तिचा मुलगा वसंता, ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पेपर वाचत होता. मी सोनं दिलं, पाया पडलो आणि वसंताला म्हणालो, "ती तार मी टाकली होती. आईच्या सांगण्यावरून. तुझ्या आईनं मागितलीसुद्धा नव्हती."

वसंताने पेपराची घडी केली. "दिगूदादा, माझी पहिली सोयरीक मोडली तेव्हा मुलीचा मामा काय म्हणाला होता, ठाऊक आहे? तारचोराच्या घरात मुलगी देत नाय. आणि तू मांडवात जेवून गेलास माझ्या."

"हो," मी म्हणालो.

"गप रे वसंता," काकू म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मला काय नवं सांगतो? खिळे तूच ठोकत व्हता की माझ्या खिडकीला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

तिने मेथीची एक काडी मोडली. "मी बोलले असते तर बाईला त्या घरात ऱ्हायचं व्हतं. माझे मालक गरीब स्वभावाचे, ते दोन दिवस रुसले न् मग हसले. तुझा बाप तसा व्हता का?"

मी म्हणालो, हे सगळं लिहितो आहे, भाऊबंदांत वाचायला देणार आहे. ती म्हणाली, "लिही. वसंताला बरं वाटंल. पण बाईनं मान खाली घातली ते लिहू नको." तिचा हा शब्द मला पाळता आला नाही. ते वगळलं तर उरलेल्याला कोणी खरं मानणार नाही, आणि काकू पुन्हा तारचोरच राहील.

मागच्या खिडकीशी तारेची टोकं यंत्राला जोडून मी कर्णा तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला. आमची घरं शेजारीशेजारी, तरी तारेतून येणारा आवाज मला तिच्या कानाशी वाकून ऐकावा लागला. आमच्या ओट्यावर कुसुम भाकरी थापत होती. सपसप, सपसप, मग तव्यावर टाकल्याचा एक शांत क्षण, मग पाण्याचा हात फिरल्याचा चरचराट. काकू डोळे मिटून ऐकत होती.

"कुसुम मोठी थापती," ती म्हणाली. "बाई लहान थापायची."

तिचा हात भरून येईल म्हणून विचारलं, "काकू, ठेवू का खाली?"

"राहू दे," ती म्हणाली. तिने कर्णा शेजारच्या फळीवर आडवा ठेवला, आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली.